बंदरावर न आलेली बाई

जर्सी सिटी

अमेरिकेहून परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंस? नायगारा राहिला. वॉशिंग्टन राहिलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहिला तोही लेकीच्या बिल्डिंगखालच्या नदीकाठावरून, म्हणजे पाठमोरा. मग मी सांगते की एका म्हाताऱ्या बाईंना भेटायला गेले होते, आणि समोरचा माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहतो. ते पुढचं वाक्य जरा लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढते.

मी डचमधून मराठीत अनुवाद करते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं हॉलंडमध्ये आइंडहोवनला राहिलो, तिथे वाचनालयात बायकांचा एक गट आठवड्यातून एकदा परदेशी बायकांना डच शिकवायचा, त्यातून भाषा लागली आणि मग सुटली नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्या गावात डचांची जुनी वखार आहे, पण लहानपणी 'डच' म्हणजे माणसं असतात हे कुठे ठाऊक होतं? आम्हाला तो भिंतीच्या जाडीचा प्रकार वाटायचा.

गेल्या वर्षी मी एक डच कादंबरी हाती घेतली. कुटुंबाच्या इच्छेनुसार तिचं आणि लेखकाचं खरं नाव इथे देत नाही, घरच्यांची नावंही, एक सोडून, बदलली आहेत. जावा बेटावरचं एक घर, डच राजवटीची शेवटची वर्षं, एक लहान मुलगा आणि त्याला वाढवणारी जावानीज दाई. शेवटी कुटुंब हॉलंडला जायला निघतं आणि दाई बंदरावर रडत उभी राहते.

अशी पुस्तकं डचमध्ये पुष्कळ आहेत. त्यांत वऱ्हांडा असतो, दुपारची झोप असते, चहाचे मळे असतात, पावसानंतरचा मातीचा वास असतो, आणि या सगळ्याच्या मागे अनवाणी चालणारी एक बाई असते. तिला बहुतेकदा नाव नसतं. 'गेले ते दिवस' असा एक सूर या पुस्तकांना असतो, आणि त्या सुराला तिकडे एक मलायी नावसुद्धा आहे. नंतरच्या पिढीतल्या लेखकांनी त्या सुराला धारेवर धरलं. कोणाचे दिवस, आणि ते कोणाच्या जिवावर गेले, असं विचारलं. मला दोन्ही प्रकारची पुस्तकं वाचताना अवघडल्यासारखं होतं, कारण इंग्रज मडमांच्या आठवणींतल्या मागच्या रांगेत आपण उभे आहोत. तरी वाचते. वऱ्हांडा मलाही आवडतो.

दाईला त्या पुस्तकांत 'बाबू' म्हणतात. आता मराठी वाचकाने 'बाबूने मुलाला कुशीत घेतलं' असं वाचलं तर त्याच्या डोळ्यांसमोर कचेरीतला कारकून येणार. संपादक म्हणाले, 'आया' करा. मी 'दाई' केलं. मुलगा मात्र तिला हाक मारतो 'म्बा'. हा जावानीज शब्द आजी-आजोबांनाही चालतो आणि कोणाही वयस्कर माणसालाही. डच मजकुरात लेखकाने तो तसाच ठेवला होता, न उलगडता, जणू नावच असावं. मी तिथे 'आजी' लिहिलं. आपणही भाजीवालीला आजी म्हणतोच की.

बाकी झाडं, पदार्थ, भांडी यांचे काही शब्द अडले होते. लेखक हयात नव्हते. हक्क त्यांच्या मुलाकडे, यानकडे. त्याने अनुवादाला परवानगी देताना एकच अट घातली होती, बाबांचा शब्द बदलायचा नाही. शब्दांबद्दल विचारल्यावर त्याने लिहिलं, "माझी आत्या अमेरिकेत असते. त्या घरातलं आता फक्त तिलाच आठवतं." पत्ता न्यूयॉर्क राज्यातला, हडसन नदीच्या वरच्या अंगाचा. आणि माझी लेक मृण्मयी त्याच नदीच्या तोंडाशी, जर्सी सिटीत.

मृण्मयी मॅनहॅटनला एका बँकेत काम करते. तिच्या एकविसाव्या मजल्यावरून खाली दिसतो त्या भागाचं नाव पौलस हुक. हुक म्हणजे डचमध्ये कोपरा. पौलसचा कोपरा, इंग्रजांच्या आधी हा मुलूख डचांचा होता तेव्हाचा. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, इथे सगळं डचच आहे. तू एक्साइट होत राहशील आणि आपण कुठेच पोहोचणार नाही."

पीकस्किल

तिचं म्हणणं अर्धं खरं ठरलं.

जायचं होतं कॅट्सकिलला. 'किल' म्हणजे ओढा, आणि त्या नदीला इतके ओढे मिळतात की गावागावाच्या नावाला किल चिकटलेलं. शुक्रवारी सकाळी मृण्मयीने गाडी काढता काढता विचारलं, "टाउन कुठलं?" मी आमसुलांच्या डब्याचं झाकण घट्ट करत होते. तोंडातून काय निघालं कोण जाणे, तिने ऐकलं पीकस्किल. मेन स्ट्रीट दोन्ही गावांत असल्यामुळे फोनलाही काही खटकलं नाही.

तासाभराने आम्ही एका केशकर्तनालयासमोर उभ्या होतो. दारावर नंबर बरोबर होता. आत एक धिप्पाड माणूस दुसऱ्या धिप्पाड माणसाची दाढी कोरत होता.

"इथे राहतात तुझ्या मेफ्राउ?" मृण्मयीने विचारलं. मेफ्राउ म्हणजे डचमध्ये 'बाई'. तिची तिकडची तीन इयत्तांची शाळा अशी अधूनमधून डोकं वर काढते.

मी पत्ता पुन्हा वाचला. तिने कपाळावर हात मारून घेतला. तो हात थेट तिच्या आजीचा, माझ्या सासूबाईंचा. मग नदीवरचा मोठा पूल ओलांडून आम्ही पलीकडच्या काठाने उत्तरेला लागलो. ऑक्टोबर होता. डोंगर तांबडे-पिवळे झाले होते, आणि आपल्याकडे वणवा लागल्यावर दिसतो तो रंग इथे लोक गाड्या थांबवून पाहत होते. उशीर होतोय म्हणून मी फोन केला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "किल चुकला ना? सगळ्यांचा चुकतो. भात गरम ठेवते."

कॅट्सकिल

घर एकमजली, लाकडी, पांढरं. दारात उभ्या होत्या त्या ग्रेता. पंच्याऐंशीच्या पुढच्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, वर्ण आपल्यातल्या सावळ्या माणसाचा, डोळे करडे. मी "दाख मेफ्राउ", म्हणजे नमस्कार बाई, म्हणत हात पुढे केला.

"मेफ्राउ मला डॉक्टरच्या दवाखान्यात म्हणतात," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांत सगळ्या तांते असतात. तांते ग्रेता म्हण."

तांते म्हणजे मावशी, काकू, काहीही. हे 'आमचे लोक' म्हणजे जावामध्ये जन्मलेली मिश्र रक्ताची माणसं. डच राजवट संपल्यावर ती हॉलंडला गेली, तिथे थंडीत आणि लोकांच्या नजरांत रमली नाहीत, आणि त्यातली कितीतरी अमेरिकेला आली. तांते ग्रेता लग्नानंतर आल्या. नवरा इथल्या सिमेंटच्या कारखान्यात लागला. त्या शाळेत पियानो शिकवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा टेक्सासला.

हात धुवायला आत गेले तर कमोडशेजारी पाण्याने भरलेली एक प्लास्टिकची बाटली. मी बाहेर आले आणि बाटलीबद्दल काही बोलावं की नाही याचा विचार करत होते, तोवर त्यांनीच विचारलं, "बाटली दिसली? आमच्या लोकांचं घर ओळखायची खूण आहे ती. साठ वर्षं अमेरिकेत राहिले, कागदावर विश्वास बसला नाही."

"आमचाही नाही," मी म्हणाले, आणि तिथून आमचं जुळलं.

जेवण म्हणजे भात, गोडसर सोया सॉसमधली कोंबडी, काकडीचं लोणचं, कोळंबीचे तळलेले पापड, आणि एका वाटीत भाजलेलं खोबरं आणि शेंगदाणे घालून केलेला कोरडा प्रकार. तो मी भातावर घेतला आणि हात थांबला. थोडं लाल तिखट आणि लसूण जास्त असती तर ती आमच्या घरची चटणी होती. मी आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली आणि डबा स्वतःच्या बाजूला सरकवून ठेवला. त्या जेवत होत्या चमचा-काट्याने, चमचा उजव्या हातात. मी काटा बाजूला ठेवून हाताने जेवायला लागले तेव्हा त्या पाहत राहिल्या. मला वाटलं चुकलं.

"नाही, जेव तू," त्या म्हणाल्या. "म्बा स्वयंपाकघरात अशीच जेवायची. आम्हाला टेबलावर मनाई होती, म्हणून आम्ही तिच्याकडे जाऊन दुसऱ्यांदा जेवायचो."

जेवणानंतर माझे अडलेले शब्द सुटत गेले. एक फळ निघालं आपल्या जांबासारखं. एक भांडं निघालं मोदकपात्राचं भावंड. मृण्मयी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती, अर्धं समजत होती, अर्धं हसण्यावरून लावत होती. काम झालं असं वाटून मी वही मिटली.

तेव्हा तांते ग्रेता म्हणाल्या, "आता तुझ्या भाषेत वाचून दाखव. बंदराचं पान."

"तुम्हाला कळणार नाही."

"पान मला पाठ आहे. आवाज ऐकायचा आहे."

मी वाचायला लागले. "आजी धक्क्यावर उभी होती. बोट हलली तेव्हा आजीने पदर तोंडाला लावला. मी आजीला हाक मारली, पण भोंग्याच्या आवाजात आजीला ऐकू गेलं नाही..." एवढंच वाचलं असेन. त्यांनी हात वर केला.

"एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. आ-जी. हा कोण?"

"म्बा," मी म्हणाले. "आमच्याकडे कोणत्याही म्हाताऱ्या बाईला म्हणतात."

"पण खरा अर्थ?"

"ओमा," सोफ्यावरून मृण्मयीच बोलली. ओमा म्हणजे डचमध्ये आजी.

तांते ग्रेतांनी माझ्या हातातली पानं स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "रुडीने अख्ख्या पुस्तकात हा शब्द लिहायचा टाळला. आणि तू सहज लिहून मोकळी झालीस." रुडी म्हणजे लेखक, त्यांचा धाकटा भाऊ. "ती आमची ओमाच होती. माझ्या वडिलांची आई."

मृण्मयीने पाय खाली घेतले.

त्यांनी सांगितलं ते असं. आजोबा डच, साखर कारखान्याचे व्यवस्थापक. त्या काळी असे साहेब घरात एक गावची बाई ठेवत. ती घर सांभाळी, बिछाना सांभाळी, मुलं जन्माला घाली. साहेबाने मनावर घेतलं तर मुलाला त्याचं आडनाव मिळे. आईला काही मिळत नसे, मुलावर हक्कही नाही. आजोबांनी आडनाव दिलं. ते वारल्यावर मुलगा शिकून, फौजेत अधिकारी होऊन, आपल्यासारख्याच मिश्र रक्ताच्या मुलीशी लग्न करून बसला, आणि त्याची आई त्याच्या घरात राहायला आली. पाहुण्यांसमोर ती बाबू. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत झोपणारी बाबू.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं. मग जपानी आले." त्यांनी पेल्यातलं पाणी संपवलं. "वडील युद्धकैदी झाले. गोऱ्या बायकामुलांना छावण्यांत नेऊ लागले. ज्यांच्या अंगात तिथलं रक्त आहे असं दाखवता येईल, ते बाहेर राहू शकत होते. तेव्हा आईने म्बाला मागच्या खोलीतून पुढच्या दाराशी आणून बसवलं. येईल त्या शिपायाला सांगायचं, ही यांची आजी. आम्हाला बजावलं, आजी म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. आम्ही तिचं पसरट नाक दाखवायचो आणि आपलं दाखवायचो. तिच्या नाकाने आम्हाला वाचवलं. ती बाजारात बसून आईचे दागिने विकायची, तांदूळ आणायची. तीन वर्षं ती आमची आजी होती."

"आणि नंतर?"

"वडील परत आले. अंगात काही उरलं नव्हतं, पण शिस्त उरली होती. पाहुणे यायला लागले आणि ती पुन्हा बाबू झाली."

मग देश स्वतंत्र झाला आणि या लोकांना जावं लागलं. बोटीवर डच कुटुंबांबरोबर मुलं सांभाळायला दाया नेता येत. वडिलांनी तिचं नाव तसं घालायची तयारी केली. तिला तिथे नेण्याचा दुसरा कुठला रस्ता त्यांना दिसत नव्हता, की दिसायला नको होता, हे तांते ग्रेतांना आजवर ठरवता आलेलं नाही. म्बा तांदूळ निवडत होती. ती त्यांना म्हणाली, "तीन वर्षं मी तुझी आई होते. आता मला सवय झाली आहे. दाई म्हणून मी येणार नाही."

"आणि ती बंदरावर आली नाही," तांते ग्रेता म्हणाल्या. "सकाळी तिने माझी वेणी घातली, इतकी घट्ट की डोळे ओढले गेले. मग मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला नाही. पुस्तक आलं तेव्हा ते पान वाचून मी रुडीशी वर्षभर बोलले नाही. खोटं का लिहिलंस, हे त्याला कधी विचारलंही नाही. आता वाटतं, ती आली नाही म्हणूनच त्याने तिला तिथे आणलं. नऊ वर्षांच्या पोराला कोणीतरी निरोप द्यायला हवा होता."

"त्यांनी आजी का नाही लिहिलं?"

"हॉलंडला उतरल्यावर आईने सांगितलं, हे इथे बोलायचं नाही. आम्ही तिथल्या लोकांच्या मानाने आधीच पुरेसे काळे होतो." त्या उठल्या, ताटं उचलू लागल्या. मृण्मयी धावली. "तुला सांगितलं कारण तू तो शब्द वाचलास. पण पुस्तकात घालू नकोस. यानला माहीत नाही. बापाचं पुस्तक त्याला फार प्रिय आहे."

दगडी घर

रस्त्याकडेच्या मोटेलात रात्री जेवायला कोणालाच भूक नव्हती. मृण्मयीने मशीनमधून चिप्स आणले.

"आई, तू आता काय करणार?"

"काही नाही. त्यांनी नको म्हटलंय."

"पण आता तू ते 'दाई' कसं लिहिणार यार? तुला माहितीये ना."

अनुवादकाची गंमत हीच आहे. लेखकापेक्षा जास्त ठाऊक झालं तरी लेखकाइतकंच बोलायचं. मी तिला हे समजावलं, ती हो म्हणाली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग तीच म्हणाली, "आपल्याकडे मी लहान असताना कामाला यायच्या त्या मावशींचं नाव काय होतं?"

"शेवंता," मी म्हणाले. नाव मला ठाऊक होतं. आडनाव आठवत बसले, ते काही आलं नाही.

तांते ग्रेतांनी दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाच्या कॉफीला बोलावलं होतं. सकाळ मोकळी होती म्हणून आम्ही जवळचं एक जुनं डच घर पाहायला गेलो. दगडी, ठेंगणं, जाड भिंतींचं. पाहताक्षणी मला माहेरची वखार आठवली. पांढऱ्या केसांच्या एक बाई घर दाखवत होत्या. बैठकीत शेगडीभोवती निळ्या चित्रांच्या फरशा, भिंतीत बसवलेला पलंग, जाडजूड बायबल. सगळं ओळखीचं, हॉलंडच्या कुठल्याही संग्रहालयात दिसेल तसं. मग त्या अरुंद जिन्याने तळघरात उतरल्या.

"हे स्वयंपाकघर," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक करणारी माणसं इथेच झोपायची. ती गुलाम होती. आफ्रिकेतून आणलेली, किंवा इथेच जन्मलेली."

खालचा माळा इतका ठेंगणा होता की मृण्मयीला मान तिरपी करावी लागली. मी विचारलं, ती कोणती भाषा बोलायची?

"डच," त्या म्हणाल्या. "इंग्रज आल्यावरही या खोऱ्यात कितीतरी पिढ्या डच बोलली जात होती, आणि ही माणसंही तेच बोलायची. पळून गेलेल्या गुलामांना पकडून द्या अशा जाहिराती असत, त्यांत ओळखीची खूण म्हणून लिहिलेलं असे, डच चांगलं बोलतो."

बाहेर उन्हात आल्यावर मृण्मयी गाडीला टेकून उभी राहिली. "डच शाळेत मी जहाजं रंगवली होती," ती म्हणाली. "मस्त मोठी शिडं. बाईंनी भिंतीवर लावलं होतं माझं चित्र." मग थोड्या वेळाने, "त्यात खालचा मजला नव्हता."

मी ज्या भाषेवर प्रेम करते ती मला नेहमी मालकांची भाषा वाटायची. आपण तिकडे पाहुणे म्हणून गेलो, मालकांनी प्रेमाने शिकवली, असं. त्या तळघरात तीच भाषा बोलत पोळी भाजली गेली होती, मुलं निजवली गेली होती, शिव्याही दिल्या गेल्या असतील. हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं, कारण ज्यांनी लिहिलं ते वरच्या मजल्यावर राहत होते.

पुन्हा तांते ग्रेतांकडे

दार उघडलं तेव्हा त्यांनी चांगला झगा घातला होता आणि ओठांना लाली लावली होती. टेबलावर पातळ पातळ थरांचा एक केक, दालचिनीच्या वासाचा. आमच्यासाठी कापून ठेवला आणि म्हणाल्या, "रात्री झोप लागली नाही. यानला सांगते. तू इथे बस. मी थांबले तर तूच पुढे बोल."

मी म्हणाले, माझ्या पुस्तकासाठी करू नका.

"तुझ्या पुस्तकासाठी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यामागे हे ठाऊक असलेलं कोणी राहणार नाही."

हॉलंडमध्ये संध्याकाळ झाली होती. यानने फोन उचलला. साठीतला माणूस, आवाज बसका, मागे भांड्यांचा आवाज. तांते ग्रेतांनी स्पीकर लावला, माझी ओळख सांगितली, हवापाण्याचं बोलल्या, केकचं बोलल्या. मग दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि सांगितलं. काल मला सांगितलं त्याच्या निम्म्या वाक्यांत. बाबू नव्हती. ओमा होती. तुझी पणजी.

मागचा भांड्यांचा आवाज थांबला. मृण्मयीने माझा हात धरला होता.

"तांते," यान म्हणाला, "मला ठाऊक आहे."

त्यांना कळलं नाही. "काय?"

"बाबांनी सांगितलं होतं, हॉस्पिटलमध्ये. म्हणाले, ग्रेताला बोलू नकोस, तिला आठवत नाही, ती तेव्हा लहान होती."

"लहान?" तांते ग्रेता म्हणाल्या. "मी मोठी होते. तो लहान होता." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला, रुमाल शोधला, सापडला नाही, मृण्मयीने टेबलावरचा नॅपकिन दिला. पलीकडे यानही हसू लागला होता. भाऊ बहिणीला जपत गेला, आत्या भाच्याला जपत बसली, आणि ती बाई दोघांच्या मध्ये इतकी वर्षं मागच्या खोलीत राहिली.

"मग आपण कोणापासून लपवतोय?" शेवटी त्या म्हणाल्या.

यान माझ्याशी बोलला. बाबांचं पान आहे तसं राहू दे, तो म्हणाला, त्यांना ती बंदरावर हवी होती. पण तुझी काही पानं तू जोडणार असशील तर त्यात ती आली नव्हती हे लिही. का आली नव्हती तेही लिही. आमची नावं मात्र घालू नकोस. मी हो म्हटलं.

आम्ही उठणार, एवढ्यात त्याने विचारलं, "तांते, तिचं नाव काय होतं? बाबांना सांगता आलं नाही. ते म्हणाले, म्बाच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. कालपासून हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"मलाही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिला वेगळं नाव असेल असं आमच्या डोक्यातच आलं नाही. एकदा एक जपानी अधिकारी दाराशी आला. साधे शिपाई नाक बघून जायचे, हा बसला. त्याने दुभाष्याला विचारायला लावलं, आजी म्हणता, तर आजीचं नाव काय? आई गप्प. तिला ठाऊक नव्हतं. रुडी माझ्या पाठीमागे. तेव्हा म्बा स्वतः उठली. ती पुरुषांसमोर कधी मान वर करून बोलत नसे. तिने त्याच्याकडे बघून नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि म्हणाली, ही माझी नातवंडं."

"काय सांगितलं तिने?"

"पोनिरा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. यान म्हणाला, थांब, नीट सांग, मला बरोबर लिहायचं आहे. तांते ग्रेतांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि पियानोच्या मुलांना सूर सांगावेत तसं एकेक अक्षर सावकाश सांगू लागल्या, आणि समुद्रापलीकडून तो एकेक अक्षर त्यांच्यामागून म्हणत गेला.